लहान अमेरिकन गावात अस्सल मेक्सिकन जेवण कसं शोधायचं

पुण्याहून कमिन्स कंपनीच्या कामासाठी इंडियाना राज्यातल्या कोलंबसला येणाऱ्या मराठी कुटुंबांची ये-जा वर्षभर चालू असते. कोथरूडमधून उठायचं आणि थेट मका-सोयाबीनच्या शेतांमधल्या पन्नास हजार वस्तीच्या गावात उतरायचं. सामान लागतं, गाडी येते, मुलांची शाळा सुरू होते आणि साधारण तिसऱ्या आठवड्यात मला फोन येतो, "ताई, इथे बाहेर जेवायला चांगलं काय मिळतं हो?"

माझं उत्तर ठरलेलं आहे: मेक्सिकन. कोथिंबीर, लिंबू, हिरवी मिरची, चिंच, शिजवलेली कडधान्यं आणि तव्यावरून उतरलेली गरम भाकरी, हे सगळं ज्या स्वयंपाकात रोज लागतं तो आपल्याला परका वाटत नाही. मात्र ते जेवण हमरस्त्यावरच्या मोठ्या पाटीखाली मिळेलच असं नाही. ते शोधावं लागतं. कसं, ते सविस्तर लिहिते. उदाहरण कोलंबसचं असलं तरी अमेरिकेतल्या बहुतेक लहान गावांत हीच रीत चालेल.

आधी किराणा दुकान शोधा

नवीन माणूस फोनवर 'मेक्सिकन रेस्टॉरंट' असं टाकतो आणि सगळ्यात जास्त तारे असलेल्या ठिकाणी जातो. तिथे बसल्याबसल्या कॉर्न चिप्सची टोपली आणि साल्सा (त्यांची चटणी) फुकट येते, मेन्यूत थाळ्यांना नंबर असतात आणि प्रत्येक थाळीवर पिवळं चीज वितळलेलं असतं. हा टेक्सासकडून आलेला टेक्स-मेक्स स्वयंपाक. त्यात जिरं सढळ हाताने घालतात, म्हणून आपल्याला पहिल्या घासाला आवडतोही. मुलांना घेऊन जायला उत्तम. पण मेक्सिकोतला माणूस घरी जे जेवतो ते हे नाही.

ते हवं असेल तर 'तिएंदा' शोधा. तिएंदा म्हणजे दुकान, मेक्सिकन वाण्याचं दुकान. ते बहुधा गावाच्या जुन्या भागात, लाँड्रोमॅट किंवा टायरवाल्याच्या शेजारी असतं. काचेवर 'कार्निसेरिया' (मांसाचं दुकान), 'पानादेरिया' (पाव-बिस्किटांची भट्टी) किंवा 'एन्वियोस दे दिनेरो' (गावी पैसे पाठवायची सोय) असं रंगवलेलं असतं. आत छताला कागदी पिन्याता टांगलेल्या, दारातच वाळक्या मिरच्यांची पोती. सरळ मागे चालत जा. मांसाच्या काउंटरशेजारी चार टेबलं आणि एक छोटं स्वयंपाकघर दिसलं, की तुमचं निम्मं काम झालं.

हे मागचं स्वयंपाकघर चांगलं का असतं? त्याचं गिऱ्हाईक ठरलेलं असतं. छपरं घालणारे, रंगारी, कारखान्यातल्या दुसऱ्या पाळीचे कामगार तिथे जेवतात. अमेरिकेच्या लहान गावांत मेक्सिकन माणूस कामामागे आला. कॅन्ससमधल्या गार्डन सिटीत आणि नेब्रास्कातल्या लेक्सिंग्टनमध्ये मांस कारखान्यांसाठी, जॉर्जियातल्या डाल्टनमध्ये गालिच्यांच्या गिरण्यांसाठी, वॉशिंग्टनच्या याकिमा खोऱ्यात सफरचंदाच्या बागांसाठी. शेतमजुरांसाठी तर 1942 ते 1964 या काळात 'ब्रासेरो' नावाची सरकारी योजनाच होती. जिथे कामगार स्थिरावले तिथे त्यांचं दुकान आलं, आणि दुकानाच्या मागे कुणाच्या तरी आईच्या हातची चूल पेटली. म्हणून तुमच्या गावात कामगारवस्ती कुठे आहे ते आधी बघा, हॉटेल नंतर.

दुकान सापडलं नाही तर आणखी दोन वाटा आहेत. दुपारी साडेअकरा-बाराला बांधकामाच्या जागेजवळ थांबणारा जेवणाचा ट्रक बघा. आणि रविवारी कॅथलिक चर्चमध्ये स्पॅनिश मिसा (सामूहिक प्रार्थना) असेल, तर ती सुटण्याच्या वेळी बाहेर एखादी चक्कर टाका. 12 डिसेंबरला ग्वादालूपेच्या मातेचा सण असतो, त्या सुमाराला चर्चच्या हॉलमध्ये बायका तामालेस (मक्याच्या पिठात सारण भरून, पानात गुंडाळून वाफवलेले) विकायला बसल्या तर चुकवू नका.

मग टॉर्टिया बघा

आपल्याकडे एखाद्या खानावळीची पारख भाकरीवरून होते. भाकरी नीट असली की पिठलंही बहुधा नीट असतं. इथेही तेच. टाको म्हणजे सारण घालून दुमडलेली टॉर्टिया, आणि टॉर्टिया म्हणजे तिकडची पातळ भाकरी. टाकोमध्ये काय भरलंय ते नंतर, आधी खालची टॉर्टिया.

टॉर्टिया दोन प्रकारची: 'दे माईस' म्हणजे मक्याची आणि 'दे आरिना' म्हणजे गव्हाच्या मैद्याची. मैद्याची उत्तर मेक्सिकोतली, सोनोराकडची, आणि चांगली केली तर फार मऊसूत होते. पण पारख करायची ती मक्याच्या टॉर्टियावर.

मक्याचं पीठ थेट दळलेलं नसतं. मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात उकळतात, रात्रभर तसेच ठेवतात, सकाळी चोळून साल काढतात आणि मग ओले वाटतात. चुना म्हणजे तोच, आपण विड्याला लावतो तो. या मक्याला 'निश्तामाल' म्हणतात आणि त्याच्या ओल्या पिठाला 'मासा'. चुन्यामुळे पीठ एकजीव होऊन थापता येतं आणि मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळतं. मका युरोपात गेला, पण ही चुन्याची रीत सोबत गेली नाही. मग केवळ मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा हा रोग जडला. हजारो वर्षांपूर्वी मेक्सिको आणि आसपासच्या भागात शोधलेली ही युक्ती किती मोलाची आहे, याचा मला फार आदर वाटतो.

आमच्या गावातल्या दुकानात शनिवारी एक मावशी टॉर्टिया करतात. लाडवाएवढा गोळा घेतात, दोन प्लास्टिकच्या कागदांमध्ये ठेवून लाकडी साच्यात दाबतात, कागद सोलून चकती तळव्यावर घेतात आणि हात झटकन उलटा करून तव्यावर सोडतात. तव्याला 'कोमाल' म्हणतात. कडा सुटल्या की बोटांनी उलटतात, दुसरी बाजू थोडी जास्त भाजतात, पुन्हा उलटून मधोमध हलकंसं दाबतात, आणि टॉर्टिया फुलक्यासारखी टम्म फुगते. तेव्हा जो वास येतो तो पहिल्या पावसात भिजलेल्या भिंतीसारखा, थोडा चुन्याचा, थोडा भाजलेल्या कणसाचा. हा वास ज्या दुकानात येतो तिथे निर्धास्तपणे जेवा.

पाटीवर 'एचास आ मानो' लिहिलेलं असेल तर टॉर्टिया हाताने केलेल्या आहेत. लिहिलेलं नसेल तर विचारा. ताज्या नसल्या तरी निराश होऊ नका. पाकिटातली टॉर्टियाही तव्यावर नीट भाजून, एकावर एक दोन अशी दिली तर चांगली लागते. गार, वातड, घडी घालताच तुटणारी टॉर्टिया आली तर मात्र त्या ठिकाणी दुसऱ्यांदा जाण्यात अर्थ नाही.

साल्सा चाखा

टॉर्टियानंतर साल्सा. काउंटरवर किमान दोन तरी हव्यात, एक लाल आणि एक हिरवी. लाल बहुधा वाळक्या मिरचीची, भाजून वाटलेली. हिरवी तोमातियोची, हे फळ रसभरीच्या जातीतलं, तसंच कागदी वेष्टनात गुंडाळलेलं, चवीला आंबट. 'सालसा दे ला के पिका' असं म्हटलंत तर आतून तिखट साल्सा आणून देतील. फिकट नारिंगी साल्सा दिसली तर आधी थेंबभर जिभेवर ठेवा. ती हाबानेरो या जहाल मिरचीची असू शकते, आणि कोल्हापूरच्या माणसानेही तिच्याशी जपून वागावं.

मेन्यूत काय कशाचं आहे

गोमांस किंवा डुकराचं मांस न खाणाऱ्यांनी हा भाग नीट वाचावा.

'रेस' म्हणजे गोमांस. 'पुएर्को' किंवा 'सेर्दो' म्हणजे डुक्कर. पण पाटीवर हे शब्द क्वचित असतात, पदार्थाचं नाव तेवढं असतं. आसादा, सुआदेरो, लेंग्वा (जीभ) हे गोमांसाचे. आल पास्तोर, कार्निटास, चोरिसो, चिचार्रोन हे डुकराचे. मेनुदो म्हणजे गाईच्या वजडीचा रस्सा, पोसोले बहुधा डुकराचा. बार्बाकोआ गाईचं, मेंढीचं किंवा बोकडाचंही असतं, विचारूनच घ्या. 'पोयो' कोंबडी, 'कामारोन' कोळंबी, 'पेस्कादो' मासा.

मटण आवडणाऱ्यांसाठी एक शब्द पाठ करण्यासारखा आहे: 'बिर्रिया दे चीवो'. हालिस्को राज्यातला हा बोकडाचा रस्सा. वाळक्या मिरच्या भिजवून वाटलेल्या, दालचिनी, लवंग, मंद आचेवर तासन्‌तास शिजवलेलं मटण, वर बारीक कांदा-कोथिंबीर आणि लिंबू. तांबड्या रश्शावर वाढलेल्या माणसाला वाटीभर बिर्रिया दिली तर तो बराच वेळ बोलणार नाही. अमेरिकेत आजकाल बिर्रिया बहुतेक ठिकाणी गोमांसाची करतात, म्हणून 'दे चीवो' आहे का, हे विचारायला विसरू नका.

शाकाहारींनी काय विचारायचं

इथे सगळ्यात जास्त चुका होतात. आमच्या ओळखीच्या एका काकूंनी पूर्ण वर्षभर एका हॉटेलात 'बीन्स-राइस, नो मीट' असं सांगून जेवण केलं. मग एक दिवस कळलं की घोटलेल्या बीन्समध्ये डुकराची चरबी आणि भातात कोंबडीचं पाणी. कुणी फसवलं नव्हतं. काकूंनी मांस नको म्हटलं होतं, आणि ताटात मांसाचा तुकडा नव्हताच. काकूंना मात्र फार लागलं. तो प्रसंग तुमच्यावर येऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

'मांतेका' म्हणजे डुकराची चरबी. 'मांतेकिया' म्हणजे लोणी. दोन्ही शब्द सारखे ऐकू येतात, गफलत करू नका. मांतेका घोटलेल्या बीन्समध्ये असते, तामालेसच्या पिठात असते (आत भरलेलं चीज-मिरची शाकाहारी असलं तरी), कधी मैद्याच्या टॉर्टियातही असते. 'काल्दो दे पोयो' म्हणजे कोंबडीचं पाणी. ते लाल भातात, मोले नावाच्या दाट रश्शात आणि सुपांत हमखास असतं.

नुसतं 'सिन कार्ने' म्हणून भागत नाही. 'कार्ने' म्हटलं की पुष्कळांच्या डोळ्यांसमोर फक्त लाल मांस येतं, आणि कोंबडी ताटात पडते. असं म्हणा: "सोय बेहेतारियाना. नि कार्ने, नि पोयो, नि काल्दो, नि मांतेका." पुरुषांनी बेहेतारियानो म्हणायचं. हसून, सावकाश म्हणा. उच्चार चुकला तरी समजतं.

मग काय मागायचं? 'फ्लोर दे कालाबासा' म्हणजे भोपळ्याची फुलं, त्यांची केसादिया (चीज घालून दुमडून भाजलेली टॉर्टिया). 'राहास' म्हणजे भाजलेल्या पोब्लानो मिरचीच्या पट्ट्या, चीज किंवा क्रीममधल्या. 'टाकोस दे पापा', बटाट्याचे. 'नोपालेस', म्हणजे काटे काढलेला फड्या निवडुंग, कांदा-टोमॅटो घालून केलेला. जरा बुळबुळीत, भेंडीसारखा. 'फ्रिहोलेस दे ला ओया', म्हणजे घोटण्याऐवजी नुसते मडक्यात शिजवलेले बीन्स, यात मांतेका नसण्याची शक्यता जास्त, तरी विचारा. चीले रेयेनो, म्हणजे भरली मिरची, आवडेल, पण त्याला अंड्याचं आवरण असतं. एलोते, म्हणजे भाजलेलं कणीस, त्यावर मेयोनेज फासतात. अंडं चालत नसेल तर 'सिन मायोनेसा' सांगा. तवा आणि तळणीचं तेल वेगळं असेल अशी अपेक्षा लहान दुकानात ठेवू नका. ते अजिबात चालत नसेल तर फळं, पेय आणि घरी नेण्याच्या वस्तू यांवर समाधान मानावं लागेल.

शाकाहारींसाठी वर्षातला सगळ्यात चांगला काळ म्हणजे 'क्वारेस्मा', ईस्टरच्या आधीचे सुमारे चाळीस दिवस, फेब्रुवारी-मार्चपासून एप्रिलपर्यंत. आपल्या श्रावणासारखाच. त्यातल्या शुक्रवारी कॅथलिक लोक मांस खात नाहीत, म्हणून एरवी न दिसणारे पदार्थ पाटीवर येतात. नोपालेस, भाज्यांचे वडे, कापिरोतादा नावाचा पावाचा गोड पदार्थ. मासे आणि कोळंबी मात्र त्यांना चालतात, तेवढं लक्षात ठेवा. कोकण-गोव्याकडच्या मंडळींनीही याच शुक्रवारी जावं.

वार आणि वेळ

अस्सल पदार्थ रोज होत नाहीत. बार्बाकोआ, बिर्रिया, पोसोले, ताजे तामालेस हे शनिवार-रविवारचे, सकाळी आठ-नऊपासून, आणि दुपारी बारापर्यंत संपतात. मंगळवारी रात्री जाऊन 'काही खास नव्हतं' असं म्हणणं दुकानावर अन्यायाचं आहे. संध्याकाळी उभा राहणारा टाकोंचा ट्रक असेल तर उलट, उशिरा जा.

आणखी एक. 'मेक्सिकन' म्हणून ओळखलं जाणारं दुकान ग्वाटेमाला किंवा एल साल्वादोरच्या माणसाचंही असू शकतं. त्यांना मेक्सिकन म्हणू नका, विचारा. साल्वादोरची मालकीण निघाली तर 'पुपुसा' मागा: मक्याच्या पिठात बीन्स-चीज भरून, पुरणपोळीसारखी बंद करून थापलेली जाड भाकरी, सोबत आंबवलेल्या कोबीचं कुर्तिदो. अगदी आपल्या घासाची वस्तू.

आत गेल्यावर

'बुएनास तार्देस' म्हणून आत शिरा. पहिल्या खेपेला एकेकच टाको मागवा, तीन-चार वेगवेगळे. 'कोन तोदो' म्हटलं की कांदा-कोथिंबीर घालून मिळतो. लिंबू, मुळा, साल्सा बाजूला असतात, ते घ्यायलाच ठेवलेले आहेत. पाटीवर 'मिचोआकान', 'पुएब्ला', 'ओआहाका' असं राज्याचं नाव असेल तर तिथलंच मागा: मिचोआकानचं कार्निटास, पुएब्ला आणि ओआहाकाचं मोले. रोख पैसे जवळ ठेवा. जेवणाऱ्या माणसाजवळून जाताना 'प्रोवेचो' म्हणतात, सावकाश होऊ द्या म्हणावं तसं. तुम्ही म्हटलंत की मान वर करून बघतात आणि हसतात. तिसऱ्या-चौथ्या खेपेला विचारा, "तुम्ही स्वतः आज काय जेवलात?" मला आमच्या दुकानात घोळाची भाजी अशीच मिळाली. 'बेर्दोलागास' म्हणतात तिला. मावशींनी स्वतःसाठी हिरव्या साल्सात शिजवली होती, पाटीवर नव्हतीच.

निघताना काय घ्यायचं

कोथिंबीर, लहान रसदार लिंबं आणि सेरानो मिरच्या सुपरमार्केटपेक्षा इथे बहुधा स्वस्त आणि ताज्या. 'ग्वाहियो' ही वाळकी मिरची ब्याडगीसारखी, रंग भरपूर आणि तिखटपणा कमी. रश्शाच्या वाटणात बिनधास्त वापरा. 'पिलोन्सियो' म्हणजे गुळाची छोटी ढेप. 'आलेग्रिया' म्हणजे चक्क राजगिऱ्याची वडी. आश्चर्य वाटायला नको, राजगिरा मुळात अमेरिका खंडातलाच. चिकूही तिथलाच, नावासकट. आंबा आणि चिंच मात्र बाहेरून तिकडे गेले, आणि मार्च ते जुलै या काळात येणारा मेक्सिकोचा पिवळा आताउल्फो आंबा रसासाठी बरा पडतो.

गेल्या उन्हाळ्यात माझी आई वर्ध्याहून आली होती. तिला दुकानात नेलं. ती एका पोत्यापाशी थबकली, आत हात घातला, गडद लाल वाळक्या पाकळ्या मुठीत घेऊन हुंगल्या आणि म्हणाली, "ही तर अंबाडीची बोंडं." पाटीवर लिहिलं होतं 'हामाइका'. बरोबरच होतं तिचं, हीच ती लाल अंबाडी. मेक्सिकोत तिचं सरबत घरोघरी करतात. आम्ही अर्धा पौंड घेतली. घरी येऊन आईने मूठभर बोंडं चार पेले पाण्यात उकळली, झाकून गार केली, गाळून पिलोन्सियो विरघळवला, चिमूटभर मीठ टाकलं. पुढच्या शनिवारी एक बाटली मावशींसाठी नेली. त्यांनी घोट घेतला, मीठ ओळखलं आणि आईला आत कोमालपाशी बोलावून तिच्या हातात मक्याच्या ओल्या पिठाचा एक गोळा ठेवला. आईने साचा बाजूला सारला आणि भाकरी थापतात तशी दोन्ही हातांनी टॉर्टिया थापली.